गाड्या पाचशे दिल्यात, ऐट कुठंय?

मोटारींचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या तमाम कंपन्यांस,

स. न. वि. वि.

साताऱ्यात माझं मोटर ड्रायव्हिंग स्कूल आहे. गाडी एकच, डबल ब्रेकची, टपावर पिवळा बोर्ड. १८ वर्षं मी तिच्या डाव्या सीटवर बसतोय. "क्लच सोडा... हळू... हळू म्हटलं ना," हे वाक्य दिवसातून दोनशे वेळा तरी तोंडातून जात असेल. रात्री जेवणं आटोपली की मी टीव्हीसमोर कंट्रोलर घेऊन बसतो आणि पुन्हा गाडीच चालवतो. बायको म्हणते, कंदी पेढेवाला घरी येऊन पेढे खातो का कधी? मी तिला सांगतो, अगं, दिवसा मी गाडी थांबवायचं काम करतो. चालवतो ती रात्रीच.

पत्राचं निमित्त छोटंसं आहे. गेल्या महिन्यात माझ्याकडच्या एका गेमला अपडेट आलं. सकाळी डाउनलोडला लावून गेलो, रात्री उघडलं. डबक्यातली प्रतिबिंबं आधीपेक्षा सुरेख दिसत होती, यात वाद नाही. पण त्या गेममध्ये समुद्राकडेनं जाणारा एक रस्ता आहे. संध्याकाळच्या उजेडात त्या रस्त्याला लागायचं आणि रेडिओवर एक ठराविक गाणं लावायचं, हा माझा दोन वर्षांचा नेम. रेडिओ लावला. गाणं गायब. बारीक अक्षरात एक ओळ होती, काही मजकूर आता उपलब्ध नाही म्हणून. पैसे मी रोख मोजले होते, ते मात्र उपलब्ध होते.

गेमचं नाव लिहीत नाही. एका कंपनीशी भांडायला बसलेलो नाही. हे दुखणं तुम्हा सगळ्यांचं आहे आणि ते गाण्यापुरतंही नाही. तुम्ही मराठी वाचत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण खुलं पत्र ज्याच्या नावे असतं त्यानं वाचलं नाही तरी चालतं, बाकीच्यांनी वाचलं म्हणजे झालं.

आधी मी कुठल्या गल्लीतून आलोय ते सांगतो. १९९९. पोवई नाक्याजवळ एक सायबर कॅफे होता, प्लायवूडच्या खोपट्यांचा. तासाला वीस रुपये. वीस रुपये एकट्याला परवडायचे नाहीत म्हणून आम्ही दोघं एका खुर्चीवर बसून 'रोड रॅश' खेळायचो. मी बाणाच्या कळांवर, म्हणजे गाडी माझी. दोस्त लाथेच्या कळेवर. वळण घेताना मी ओरडायचो "आत्ता!" आणि तो शेजारच्या मोटारसायकलवाल्याला लाथ घालायचा. समोरच्याच्या हातातली काठी वेळेत हिसकावता आली तर खोपट्यात जल्लोष. त्या गेमचे डोंगर म्हणजे रांगोळीचे ठिपके होते. लांबून येणारी मोटार आधी डाग दिसायची, मग चौकोन, मग धडक. आणि धडक झाली की जी गंमत व्हायची ती आजवर मी कुठल्याही महागड्या गेममध्ये पाहिलेली नाही. माणूस एकीकडे, गाडी दुसरीकडे. तो उठायचा आणि रस्त्याच्या मधून, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या चुकवत, आपल्या मोटारसायकलकडे पळत सुटायचा. कधी कधी पळतापळता त्याला पुन्हा कुणीतरी उडवायचं. पोलिसानं पकडलं तर खऱ्या माणसांची छोटी फिल्म लागायची. शर्यत हरली तरी आम्ही हसत बाहेर पडायचो.

त्या गेममधल्या प्रत्येकाला स्वभाव होता. पोलिसाला होता, शेजारून लाथ घालणाऱ्याला होता, पडलेल्या माणसाच्या पळण्यालासुद्धा होता. यालाच मी ऐट म्हणतो. आमच्याकडच्या मालट्रकला ती असते. पाठीमागे "बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं" लिहिलेला टेम्पो घाटात वीसच्या स्पीडनं चढत असतो, इंजिन धापा टाकत असतं, पण वाघ तो वाघ. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली गाड्यांच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' बंद केलं. आवाजाच्या दृष्टीनं बरोबरच केलं, माझ्या विद्यार्थ्यांनाही मी विनाकारण हॉर्न वाजवू देत नाही. पण वाघाला कुणी हात लावला नाही.

आता तुमच्यातल्याच थोरल्या मंडळींची आठवण करून देतो. सेगाचा 'आउट रन', १९८६. यू सुझुकी नावाच्या माणसानं बनवला. मी तो फार उशिरा खेळलो, बाप झाल्यावर. नाणं टाकलं की गेम पहिला प्रश्न काय विचारतो माहितीये? गाडी कुठली हवी असं विचारत नाही. गाडी एकच आहे, लाल, उघड्या टपाची, शेजारी एक मुलगी बसलेली. विचारतो तो प्रश्न असा, की गाणं कुठलं लावू? पडद्यावर गाडीचा रेडिओ येतो, एक हात त्याचं बटण फिरवतो, तीन चाली आहेत, त्यातली एक निवडायची. मग निघायचं. स्पर्धक नाहीत, शर्यत नाही, आहे ती नुसती रहदारी आणि घड्याळ. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता फुटतो, डावीकडे की उजवीकडे ते तुम्ही ठरवायचं. टप्पे एकूण १५, पण एका फेरीत पाचच भेटतात. उरलेले दहा बघायचे तर पुन्हा या. धडकलात तर दोघं गाडीतून उडून रस्त्यावर बसतात.

ज्या माणसानं आधी गाणं विचारायचं ठरवलं, त्याला प्रवास म्हणजे काय ते कळत होतं. आम्हीही कोकणात निघालो की आधी कुठली गाणी लावायची यावर भांडतो, पेट्रोल नंतर भरतो. तुमच्या आजच्या गेममध्ये पहिला प्रश्न असतो, अकाउंट आहे का? मग पासवर्ड, मग अटी मान्य करा, मग दुकान.

दुसरं उदाहरण जरा सावकाश सांगणार आहे, कारण ते माझं लाडकं आहे. नामकोचा 'रिज रेसर टाइप ४', जपानात १९९८ साली आला. सुरुवातीच्या फिल्ममध्ये एका मुलीच्या बुटाची टाच मोडते आणि ती रस्त्याकडेनं चालत गाडीला हात करते. गेमच्या पहिल्या मिनिटात तुटकी चप्पल! आमच्याकडच्या एस. टी. स्टँडवर रोज दिसणारं दृश्य. मेन्यू पिवळे-काळे, अक्षरं अशी मांडलेली की एखाद्या चांगल्या मासिकाची पानं उलटतोय असं वाटावं. रात्रीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीचे मागचे दिवे लाल रेघ ओढत जातात. मनात राहतात त्या रेघा, त्या गाडीचं मॉडेल कुणाला आठवतंय?

शर्यतीला उतरायचं तर चार संघांपैकी एक निवडायचा: फ्रेंच, जपानी, इटालियन, अमेरिकन. प्रत्येक संघाला एक व्यवस्थापक आहे आणि तो दोन शर्यतींच्या मध्ये तुमच्याशी बोलतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत तिसरा नंबर आला तरी चालतं, पुढे दुसरा लागतो, शेवटी पहिलाच. पण 'चालतं' म्हणजे नुसतं चालतं. कितवे आलात त्यावर तो माणूस तुमच्याशी काय बोलेल आणि पुढची गाडी कुठली देईल ते ठरतं. एकजण तुम्हाला जिव्हाळ्यानं वागवतो, एकजण असा तोडून बोलतो की संध्याकाळी आरटीओचे इन्स्पेक्टर बरे. तुम्ही जिंकत गेलात की त्याचा आवाज बदलतो, त्याचं जुनं काहीतरी दुखणं बाहेर येतं. शेवटची शर्यत १९९९ च्या वर्षाच्या शेवटच्या रात्री होते आणि आभाळात दारूकाम सुटतं.

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, काका, त्या गेममध्येही ३२१ गाड्या होत्या. होत्या! मी मोजूनच बोलतोय. पण तिथली गाडी एक माणूस तुमच्या हातात देत होता, काहीतरी बोलून देत होता. त्या कंपन्यासुद्धा खोट्या, मनानं रचलेल्या. तरी ती गाडी कुणाची तरी वाटायची.

आता तक्रारी.

पहिली, गाड्यांच्या महापुराची. 'फोर्झा होरायझन ५' २०२१ मध्ये आला तेव्हाच त्यात पाचशेहून जास्त गाड्या होत्या. काम उत्तम आहे, नाही म्हणत नाही. पण पहिल्या तासातच गाड्या अंगावर पडायला लागतात, सोडतीचं चक्र फिरवलं की गाडी, पातळी वाढली की गाडी. लग्नात आहेरात आलेल्या स्टीलच्या डब्यांसारखं होतं, कुठला कुणी दिला ते लक्षात राहत नाही. याउलट २००५ चा 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' घ्या. सुरुवातीलाच तुमची बीएमडब्ल्यू रेझर नावाचा एक माजोरडा पोरगा घेऊन जातो. पंधरा जणांची यादी, तिच्यात पहिला तोच. त्या एका गाडीसाठी तुम्ही शेवटच्या नंबरापासून एकेकाला हरवत वर जायचं. पाठलागात पोलिसांच्या वायरलेसवर तुमच्याच गाडीचं वर्णन चाललेलं ऐकू येतं आणि छाती उगाच फुगते. वीस वर्षं झाली, माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला विचारा, ती निळी-रुपेरी गाडी त्याला आठवते. पाचशे गाड्या दान देण्यापेक्षा एक हिसकावून घेतलीत तर माणूस जास्त प्रेम करतो, एवढं साधं गणित आहे.

दुसरी तक्रार कौतुकाची. तुमच्या गेममधली पात्रं बोलतात ती नुसती स्तुती करतात. मी तिसऱ्या वळणावर कठडा मोडून शेतात गेलो, तरी कानात कुणीतरी उत्साही आवाजात सांगतो की तू भन्नाट आहेस. मी १८ वर्षं शिकवतोय. जो मास्तर प्रत्येक वेळी "छान, छान" म्हणतो त्याच्याकडून कुणी शिकत नाही आणि त्याची गंमतही वाटत नाही. १९९५ च्या 'सेगा रॅली'मध्ये शेजारी बसलेला वाटाड्या वळण सांगायचा, "लाँग इझी राइट, मेबी". लांबलचक सोपं उजवं वळण, बहुतेक! त्या 'बहुतेक'मध्ये अख्खा माणूस उभा आहे. माझ्या शेजारी बसून पसरणी घाट चढणारे विद्यार्थी मला विचारतात, सर, पुढं वळण आहे का? मी आता तेच उत्तर देतो.

तिसरी. तुम्ही हरण्याची मजा काढून घेतलीत. धडकलं की बटण दाबा, वेळ मागे जाते, जणू झालंच नाही. २००८ च्या 'रेस ड्रायव्हर: ग्रिड'मध्ये हे आलं तेव्हा मोजूनमापून मिळायचं, म्हणून त्यात एक कंजूषपणाचा थरार होता. पुढे बऱ्याच ठिकाणी ते मोकाट सुटलं. नवशिक्यांसाठी राहू द्या, मी आडवा येत नाही. पण धडक ही एकच जागा असते जिथं गेमचा स्वभाव उघडा पडतो. 'बर्नआउट ३' बघा, २००४ चा. त्यांनी अपघातालाच सणासारखं सजवलं, दुसऱ्याला भिंतीवर चेपलं की बक्षीस. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं महापाप, पण खेळताना मी पोट धरून हसलोय.

चौथी तक्रार मोठी आहे, तिथं जरा थांबा.

गाणी, गाड्यांची नावं, दुकानांच्या पाट्या, हे सगळं तुम्ही काही वर्षांच्या करारावर आणता. करार संपला की गाणं जातं, नाहीतर अख्खा गेम दुकानातून जातो. 'क्रेझी टॅक्सी'चं काय झालं ते आठवा. १९९९ चा सेगाचा गेम. पिवळी उघडी टॅक्सी, मागे केस उडवत ओरडणारं गिऱ्हाईक, समोरून येणाऱ्या बसला निसटता चाटून गेलात की ते खूश होऊन जास्त पैसे देणार, आणि वर द ऑफस्प्रिंग, बॅड रिलिजन या रॉक बँडचा दणदणाट. गिऱ्हाईक पिझ्झा हट, केएफसी असल्या खऱ्या दुकानांत सोडायचं. २०१० मध्ये तो पुन्हा बाजारात आला तेव्हा ती गाणी नव्हती, ती दुकानंही नव्हती. रस्ते तेच, टॅक्सी तीच. खेळून बघितलं. नवरदेव आहे, वरात आहे, बँजो पार्टी मात्र आगाऊ रक्कम न मिळाल्यानं परत गेलेली. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतल्या 'व्हाइस सिटी'च्या रेडिओवरचीही काही गाणी अशीच पुढे काढली गेली. गाडी चोरायची आणि मिशन सोडून नुसतं स्टेशन बदलत फिरायचं, हा त्या गेमचा अर्धा जीव होता. आमच्या कॅफेत मिशन करणारे कमी आणि फिरणारेच जास्त.

'आउट रन'च्या लाल गाडीचीही तीच कथा. मूळ गेमच्या वेळी फेरारीला कुणी विचारलंही नव्हतं, गाडी हुबेहूब टेस्टारोसा. २०१४ मध्ये निन्टेंडोच्या थ्रीडीएसवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर, तो आणला तेव्हा गाडीचा आकार बदलावा लागला. 'फोर्झा होरायझन ४' १५ डिसेंबर २०२४ रोजी विक्रीतून काढला, करार संपले म्हणून. ब्रिटनचे चार ऋतू दाखवणारा गेम आहे तो, हिवाळ्यात तळं गोठतं आणि त्यावरून गाडी नेता येते. तुमच्या अलीकडच्या कामातलं ज्याला मी स्वभाव म्हणतो ते त्याच्यात होतं, आणि नेमका तोच नव्या पोराला आता विकत मिळत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना खेळता येतो, तेवढा दिलासा.

युबिसॉफ्टच्या 'द क्रू'च्या गिऱ्हाइकांना तोही मिळाला नाही. २ डिसेंबर २०१४ ला आलेला गेम, अख्खी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत चालवत जायची. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि गेम मेला. एकटे खेळत असलात तरी मेला, कारण तो सर्व्हरशिवाय सुरूच होत नव्हता. त्यावरून लोक चिडले, 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपातल्या तिच्या अर्जावरच्या सह्या दहा लाखांवर गेल्या. दहा लाख माणसं गेमसाठी सही करतात म्हणजे खेळणं मोडल्याचं दुःख नसतं ते. त्यांचा रोजचा रस्ता बंद केलात तुम्ही.

पाचवी तक्रार छोटी आहे. सजावट म्हणजे ऐट नव्हे. धुराला गुलाबी रंग दिला, गाडीवर कार्टूनचे पंख उगवले, पात्रं तरुणांसारखं बोलायला लावली, एवढ्यानं भागत नाही. आमच्या स्कूलच्या गाडीलाही एका विद्यार्थ्यानं हौसेनं निळे दिवे लावून दिले होते. आरटीओनं काढायला लावले ते सोडा, पण ती गाडी स्कूलचीच दिसत होती.

आता तुम्ही म्हणाल, लोकांना वास्तव हवं असतं. खऱ्यासारखी गाडी, खऱ्यासारखा रस्ता. मला सांगताय? वास्तव म्हणजे जळलेल्या क्लचचा वास. वास्तव म्हणजे पहिल्याच दिवशी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या काकू आणि माझा जादा ब्रेकवर मुरगळलेला पाय. आणि तरीही मी वास्तवाच्या विरोधात नाही. 'ग्रॅन टुरिस्मो'चा मी १९९७ पासूनचा भक्त आहे, कारण त्याचं वास्तव एका माणसाच्या वेडातून आलंय. काझुनोरी यामाउची यांना गाड्यांचं जे आहे ते पूजेच्या जवळ जातं. त्या गेममध्ये शर्यत धरायच्या आधी लायसन्स काढावं लागायचं! बी, मग ए, मग इंटरनॅशनल ए. सरळ जाऊन खुणेवर थांबा, ही पहिल्या धड्यांतली एक परीक्षा. मी ती पास झालो तेव्हा खरं लायसन्स मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. आणि मोठ्या गाड्यांच्या शेजारी माझदाची डेमिओ, बाजारात भाजी आणायला न्यावी अशी गाडी, तिच्यावरही तितकाच जीव टाकलेला. मेन्यूत मंद जॅझ. हा गेम कडक, मितभाषी मास्तर आहे, पण मास्तर आहे, नुसती शाळेची इमारत नाही. (त्याच मालिकेचा सातवा गेम मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर दिवसभराहून अधिक बंद पडला होता आणि एकट्यानं खेळायचा बराचसा भागही त्यासोबत अडकला, हेही लिहून ठेवतो. भक्ताला आंधळं व्हायची सक्ती नाही.)

१९९९ चा 'ड्रायव्हर' तर माझ्या धंद्याचा मूळपुरुष. भुयारी पार्किंगमध्ये एक मिनिट, समोर यादी: हँडब्रेक, नागमोडी, उलटं फिरून वळणं... सगळं त्या मिनिटात करून दाखवा, तरच गोष्ट सुरू. मला तिथं आठ दिवस लागले. कितीतरी जणांनी त्याच पार्किंगमधून गेम परत केला असेल. आजही आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढताना पोरगा कापायला लागला की मला ते पार्किंग आठवतं.

पैशाचा प्रश्न आहे असंही म्हणू नका. 'आर्ट ऑफ रॅली' २०२० मध्ये एका छोट्या चमूनं काढला. वरून दिसणारी खेळण्याएवढी गाडी, सपाट रंगांची झाडं, धुळीचा लांब फराटा. गाड्या जुन्या रॅलीच्या गाड्यांसारख्या, नावं मात्र रचलेली. १९८६ साली कोर्सिकात हेन्री टोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो गेले आणि त्या हंगामानंतर ग्रुप बी, म्हणजे रॅलीतल्या सगळ्यात वेगवान गाड्यांचा गट, बंद झाला. या गेमनं फक्त एक कल्पना केली, तो बंद झालाच नसता तर? तेवढ्या एका 'तर'वर सगळा गेम उभा आहे. आणि नावं रचलेली असल्यानं उद्या कुणी करार दाखवून गाडी ओढून नेणार नाही.

आणखी स्वस्तातलं हवं? माझ्याकडे शिकायला येणारी पोरं बाहेर बाकावर नंबर लागेपर्यंत फोनवर 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' खेळतात. २०१७ चा गेम, रस्ते इंडोनेशियाचे. पण त्यात बस आपल्या आवडीनं रंगवता येते. परवा एकाचा फोन बघितला, तर जावाच्या रस्त्यावरून लालपरी चाललेली. पुढे पाटी, सातारा-स्वारगेट. मी म्हटलं, अरे, विनावाहक का? तो म्हणाला, सर, शनिवार आहे, गर्दी असते, कंडक्टर लागतो. पडद्यावर कंडक्टर नव्हता. त्याच्या डोक्यात होता. तुमच्या पाचशे गाड्यांपैकी एकीबद्दल तरी कुणी असं बोलतं का?

मागण्या साध्या आहेत.

एक, विकत घेतलेल्या गेममधून गाणं काढू नका. आयुष्यभराचा करार परवडत नसेल तर स्वतःचं संगीत करून घ्या. 'आउट रन'च्या चाली हिरोशी कावागुची यांनी त्या गेमसाठीच केल्या होत्या, त्या आजही लागतात. दोन, सर्व्हर बंद करायच्या आधी गेम एकट्यानं, इंटरनेटशिवाय चालेल अशी सोय करून द्या. ज्याला हे जमणार नसेल त्यानं विकतानाच डब्यावर मोठ्या अक्षरात मुदत छापावी, दुधाच्या पिशवीवर असते तशी. तीन, स्तुती करणारा आवाज बंद करायला एक बटण द्या. जमल्यास त्याच्या जागी जरा खडूस माणूस बसवा. चार, पुढच्या गेममध्ये गाड्या पन्नास द्या, पण प्रत्येक गाडी कुणाची, कुठून आली, चढाला का कुरकुरते, हे चालवताना कळलं पाहिजे. पाच, गेम सुरू झाल्यापासून चाक फिरेपर्यंत एक मिनिटापेक्षा जास्त वेळ लागू नये. अकाउंट, दुकान, बातम्या सगळं नंतर. आणि माझं ते समुद्राकडेच्या रस्त्याचं गाणं परत द्या. ही मागणी वैयक्तिक आहे, पण यादीत ठेवतोय.

उत्तराची वाट बघेन. सकाळी सहा ते रात्री आठ मी गाडीत असतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गिऱ्हाईक, सातारा

ता. क. जुन्या लॅपटॉपवर कसाबसा 'रोड रॅश' सुरू करून पुतण्याला दिलाय. तेरा वर्षांचा आहे, त्याच्या स्वतःच्या फोनवरच्या गेममध्ये गाड्या आणि झाडं खरी वाटतात. पत्र लिहितोय तोवर आतून तीन वेळा खिदळण्याचा आवाज आला. आत्ता विचारतोय, "काका, तो माणूस बाईककडं पळताना परत गाडीखाली आला तर?" येतो रे. परत उठतो. लाथेची कळ कुठली ते त्याला अजून सापडलेली नाही, जरा दाखवून येतो.